बादलीभर पाण्यात चार चाके: रिन्सलेस वॉश काय करते आणि काय करत नाही

मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी वापरून वाहने धुण्यास मनाई केली आणि ती मोडणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठरवला. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस दिल्लीत नळीने गाड्या धुणाऱ्यांना २,००० रुपये दंड करण्याचा आदेश निघाला. आपल्याकडे पुण्या-ठाण्याच्या गृहनिर्माण संस्थांमध्ये सरकारी आदेशाची वाट कोणी पाहत नाही. टँकरची बिले वाढू लागली की जिन्याजवळच्या फलकावर ‘पाइप लावून गाडी धुऊ नये’ ही सूचना लागतेच.

या टंचाईत ‘रिन्सलेस वॉश’, म्हणजे न विसळता धुणे, हा शब्द गाडीवाल्यांच्या बोलण्यात वरचेवर येऊ लागला आहे. बॉनेट आणि दारे एका बादलीत स्वच्छ होतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पटते. शंका उरते ती चाकांविषयी, आणि ती रास्त आहे, कारण गाडीचा सर्वांत मळका भाग तोच असतो. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो: आठवड्या-पंधरवड्याने हात फिरणाऱ्या चाकांना ही पद्धत पुरते, वर्षभर दुर्लक्षित राहिलेल्या चाकांना ती एकटी पुरत नाही. असे का, हे कळण्यासाठी आधी ते द्रावण आणि मग चाकावरचा मळ, असे दोन्ही समजून घ्यावे लागतात.

विसळण्याची गरज कशामुळे पडते

साबणाने घासलेले भांडे विसळावेच लागते, कारण मळ सुटला तरी साबण मागे राहतो. गाडीच्या नेहमीच्या शाम्पूचेही तेच होते. तो धुऊन काढला नाही तर वाळल्यावर पांढरट ओघळ दिसतात. रिन्सलेस वॉश म्हणजे असे घट्ट द्रावण, जे पाण्यात अगदी थोडे मिसळायचे, त्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने गाडी पुसायची आणि लगेच कोरडी करायची. वरून पाणी ओतायचे नाही. मागे जो अत्यल्प अंश राहतो, तो डाग पडणार नाही अशाच घटकांचा बनवलेला असतो. ‘वॉटरलेस वॉश’ हा याचा भाऊबंद असला तरी वेगळा आहे: तो थेट बाटलीतून फवारून पुसायचा असतो, त्यात बादली नसते, आणि म्हणूनच तो फक्त हलक्या धुळीसाठी ठीक असतो.

मिसळण्याचे प्रमाण पाहिले की आश्चर्य वाटते. या प्रकारातील ‘ऑप्टिमम नो रिन्स’ या प्रसिद्ध अमेरिकी उत्पादनाचे धुण्यासाठीचे प्रमाण एकास २५६ आहे. म्हणजे १० लिटर पाण्याला साधारण ४० मिलिलिटर. प्रत्येक उत्पादकाचे प्रमाण निराळे असते, त्यामुळे बाटलीवरील सूचना वाचावी आणि ‘थोडे जास्त टाकले तर जास्त स्वच्छ’ हा आपला स्वयंपाकघरातला नियम येथे लावू नये. जास्त टाकले तर पुसताना काच आणि लॅकर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, चिकटसर होतात.

या पाण्याला फेस जवळजवळ येत नाही, आणि नेमके तेच अनेकांना खटकते. फेस म्हणजे स्वच्छता हा समज जाहिरातींनी आपल्या मनात पक्का बसवला आहे. मळ सुटतो तो फेसामुळे नव्हे, तर पाण्याचा पृष्ठताण कमी करणाऱ्या रेणूंमुळे. त्यांच्यामुळे पाणी थेंब-थेंब न राहता मळाच्या कणाखाली शिरते. त्यांच्या जोडीला या द्रावणात पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचे रेणू, असतात. ते कणाला वेढतात आणि कण व लॅकर यांच्यामध्ये एक निसरडा थर तयार करतात. फणस फोडण्याआधी कोकणात हाताला आणि सुरीला तेल चोळतात, त्यामुळे चीक सुरीला धरत नाही. साधारण तशीच ही योजना आहे.

वापरलेली बादली तासभर तशीच ठेवली तर आणखी एक गोष्ट दिसते. मळ तळाशी बसू लागतो आणि वरचे पाणी बऱ्यापैकी निवळते. गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याची किंवा निवळीचे बी उगाळून घालण्याची जुनी रीत ज्यांना आठवते, त्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल. रसायनक्रिया तंतोतंत तीच नसली, तरी फायदा तोच: बुडवलेल्या फडक्यावर तोच मळ पुन्हा चढण्याची शक्यता कमी होते.

मळ किती आहे, यापेक्षा तो कसा धरून आहे

चाकावरचा मळ समजून घ्यायला स्वयंपाकघराचा ओटा पुरेसा आहे. ओट्यावर पडलेले पीठ ओल्या फडक्याने एका हातात निघते. शेगडीमागच्या फरशीवर फोडणीच्या तेलाचा थर बसतो. तो निघतो, पण काही वेळ भिजवून आणि घासून. पातेल्याच्या बुडाला करपलेले दूध मात्र कितीही पुसले तरी तसेच राहते. त्याला वेगळाच उपाय करावा लागतो.

चाकावर हे तिन्ही प्रकार एकाच वेळी असतात. रस्त्याची धूळ आणि वाळलेला हलका चिखल हे पीठ. डांबराचे अंश, ग्रीस आणि टायरला लावलेल्या चमकदार द्रवाचे उडालेले शिंतोडे हा तेलकट थर. आणि ब्रेकची जुनी भुकटी हे करपलेले दूध. रिन्सलेस द्रावण पहिला प्रकार पूर्ण काढते, दुसरा बऱ्याच अंशी काढते (डांबराच्या घट्ट ठिपक्यांना मात्र त्यासाठीचे वेगळे द्रव लागते), आणि तिसऱ्यापुढे हात टेकते. या पद्धतीविषयीचे बहुतेक वाद असे आहेत की एक माणूस पिठाविषयी बोलत असतो आणि दुसरा करपलेल्या दुधाविषयी.

ब्रेकची भुकटी एवढी हट्टी का

डिस्क ब्रेकमध्ये बिडाच्या फिरत्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात. घर्षणात पॅडही झिजते आणि चकतीही. त्यामुळे या काळ्या भुकटीत पॅडमधील रेझिन आणि कार्बन असतात, तसेच चकतीतून निघालेले लोखंडाचे सूक्ष्म कणही असतात. ते तापलेले असतात, चाकाच्या पारदर्शक लॅकरवर आदळतात, त्यातले काही तिथेच रुततात. मग पाऊस किंवा दमट हवा लागली की ते गंजतात, आणि चाकावर तांबूस-तपकिरी ठिपके दिसू लागतात. हे ठिपके चाकाच्या गंजाचे नसतात, कारण अलॉय चाक ॲल्युमिनियमचे असते आणि ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही. तो गंज बाहेरून आलेल्या लोहकणाचा असतो.

आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढची चाके मागच्यांपेक्षा कितीतरी काळी का दिसतात, याचे उत्तरही येथेच आहे. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे थांबवण्याचे बरेचसे काम पुढचे ब्रेक करतात. शिवाय या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात, आणि ड्रमची भुकटी बरीचशी डब्यासारख्या आवरणातच राहते. मला स्वतःला हे कळण्याआधी मी मागची चाके मन लावून घासत असे आणि पुढच्यांना तेवढाच वेळ देत असे, हा शुद्ध वेळेचा अपव्यय होता. खंबाटकी, आंबोली किंवा ताम्हिणी उतरून आल्यावर पुढची चाके एकदा निरखून पाहावीत. घाट खालच्या गिअरमध्ये उतरला तर ब्रेक कमी तापतात, हा सुरक्षिततेचा जुना सल्ला आहेच. चाके कमी काळी होतात, हा त्याचा वरचा लाभ.

ही भुकटी केवळ दिसण्यापुरता प्रश्न नाही, हे युरोपने कायद्यातही मान्य केले आहे. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या युरो ७ नियमांत धुराड्याबरोबरच ब्रेकमधून निघणाऱ्या कणांनाही प्रथमच मर्यादा घातली गेली: बहुतेक मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, आणि पूर्णपणे बॅटरीवर चालणाऱ्यांना ३ मिलिग्रॅम. बॅटरीच्या गाड्यांत वेग कमी करण्याचे बरेच काम मोटरच करते आणि ब्रेक कमी घासले जातात, म्हणून त्यांची मर्यादा अधिक कडक ठेवली आहे. अशा गाडीच्या मालकाला रिन्सलेस वॉश जवळजवळ नेहमीच पुरेल.

पण पुसल्याने ओरखडे पडणार नाहीत का?

ही सर्वांत वजनदार शंका आहे आणि तिचे उत्तर ‘पडू शकतात’ असेच आहे. रस्त्याच्या धुळीत गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतात आणि ते चाकावरील लॅकरपेक्षा पुष्कळ कठीण असतात. कोरड्या धुळीवर फडके फिरवणे म्हणजे पॉलिश पेपर फिरवणेच. रोज पहाटे एकच बादली आणि एकच फडके घेऊन दहा गाड्या पुसल्या जातात, तेथे हेच घडते. त्यात पुसणाऱ्या माणसाचा दोष कमी आणि त्याला दिलेल्या साधनांचा जास्त आहे.

रिन्सलेस पद्धतीत हा धोका तीन गोष्टींनी कमी होतो: हात लावण्याआधी द्रावण फवारून मळ भिजू देणे, मळलेले फडके पुन्हा चाकावर न आणणे, आणि अजिबात दाब न देणे. यांतली पहिली गोष्ट वगळली तर बाकीच्या दोन्हींचा उपयोग नाही. तरीही एक मर्यादा राहते. पावसाळ्यात काळ्या मातीचा गाळ चाकाच्या आतपर्यंत थापला गेला असेल, तर रिन्सलेसच्या नादी न लागता तो आधी पाण्यानेच काढावा. ती माती फुगून चिकटणारी असते आणि तिचा जाड थर पुसण्याने निघत नाही, पसरतो. अर्थात त्या दिवसांत पाण्याची टंचाई नसते. कोकणात तर गाडी उघड्यावर उभी केली की अर्धे काम आभाळच करते.

प्रत्यक्ष काम कसे करावे

गाडी सावलीत असावी आणि चाके पूर्ण गार झालेली असावीत. नुकत्याच लांबून आलेल्या गाडीची ब्रेक चकती खूप तापलेली असते. तिच्यावर गार पाणी पडणे चकतीला चांगले नाही, आणि गरम चाकावर कोणतेही द्रावण काम करण्याआधीच वाळून डाग पाडते. तासभर थांबावे.

नळीने धुताना चाके आधी धुवावीत असे सांगतात, कारण चाकावरचे घाणेरडे शिंतोडे स्वच्छ केलेल्या दारांवर उडतात. रिन्सलेसमध्ये शिंतोडे नसतात, म्हणून मी उलट क्रम पाळतो: आधी संपूर्ण गाडी, शेवटी चाके. बादलीतले उरलेले द्रावण चाकांना चालते आणि नंतर ते टाकूनच द्यायचे असते. ते फारच गढूळ झाले असेल, किंवा फक्त चाकेच धुवायची असतील, तर ५ लिटर पाण्यात एकास २५६ या हिशेबाने २० मिलिलिटर घालून नवे द्रावण करावे. चार चाकांना तेवढे पुरते.

मात्र या पाण्यातला काही भाग बादलीत फडके बुडवण्याआधीच एका फवाऱ्याच्या बाटलीत काढून ठेवावा. एका वेळी एकच चाक घ्यावे, त्याच्यावर हे द्रावण सढळ हाताने फवारावे आणि दोन-तीन मिनिटे थांबावे. काळे ओघळ खाली येऊ लागतात, आणि जेवढा मळ ओघळून जातो तेवढा पुसावा लागत नाही. वाळू लागले तर पुन्हा फवारावे. या वेळात टायरला वेगळ्या, थोड्या राठ ब्रशने घासून घ्यावे. तो ब्रश चाकाच्या धातूला लावू नये.

त्यानंतर आतली बाजू. आऱ्यांमधून आत जाईल असा लांब, मऊ ब्रश द्रावणात बुडवून चाकाच्या आतल्या गोलाईत फिरवावा. तेथे टायर संतुलित करण्यासाठी चिकटवलेल्या वजनाच्या पट्ट्या असतात, त्यांना धक्का लागू देऊ नये. नटांच्या खोबणींत रंगकामाचा मऊ केसांचा इंचभर रुंदीचा ब्रश उत्तम जातो. दर्शनी भाग सर्वांत शेवटी, मायक्रोफायबरच्या फडक्याने. फडके दोनदा-तीनदा दुमडून घेतले की वापरायला अनेक स्वच्छ बाजू मिळतात. एक आरा पुसला की बाजू बदलायची. सगळ्या बाजू संपल्या की दुसरे फडके. शेवटी कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि पाणी आपोआप वाळले की त्यांचे पांढरे ठिपके उरतात. येथे आपण लगेच कोरडे करतो, म्हणून तो त्रास बराच कमी होतो.

चाकांची फडकी कायमची वेगळी ठेवावीत, शक्यतो वेगळ्या रंगाची. एकदा चाकाला लागलेले फडके कितीही धुतले तरी दाराला लावू नये, कारण तंतूंत अडकलेला एक लोहकणही दिसेल असा ओरखडा काढतो. हा धडा मी स्वतःच्या गाडीच्या उजव्या दारावर शिकलो आहे. फडकी धुताना कापड मऊ करणारे द्रव घालू नये. त्याचा लेप तंतूंवर बसतो आणि फडके पाणी व मळ उचलेनासे होते.

पुसूनही काळे-तपकिरी ठिपके राहिले तर?

आधी ते रुतलेले लोहकणच आहेत का, ते पाहावे. धुऊन कोरड्या केलेल्या चाकावर बोटांना पातळ प्लास्टिकची पिशवी गुंडाळून हलकेच हात फिरवावा. पिशवीमुळे खडबडीतपणा नीट जाणवतो. बोटांखाली रवा असल्यासारखे वाटले तर कण रुतलेले आहेत, आणि आता जोर लावून पुसण्यात अर्थ नाही.

यासाठी लोहकण विरघळवणारे द्रव मिळते. त्यातला मुख्य घटक थायोग्लायकोलेट वर्गातला असतो. केस काढण्याच्या क्रीममध्ये याच कुळातले रसायन असते, म्हणून त्याचा तो गंधकी दर्प ओळखीचा वाटतो. लोखंडाशी त्याचा संयोग झाला की जांभळा रंग येतो आणि चाकावरून जांभळे ओघळ वाहू लागतात. तो रंग म्हणजे चाकाचा लॅकर निघाल्याची खूण नव्हे. लोखंड सुटत असल्याची ती खूण असते. हातमोजे घालावेत, मोकळ्या हवेत काम करावे, आणि द्रव चाकावर वाळू देऊ नये.

हे द्रव मात्र विसळावेच लागते, आणि रिन्सलेसचा आग्रह धरणाऱ्यांनी येथे हट्ट सोडावा. त्यासाठी नळी लागत नाही. कुंड्यांवर औषध फवारण्याचा हातपंप असतो, त्यातले एक-दोन लिटर पाणी एका चाकाला पुरते. वर्षातून दोन-तीनदा हे केले आणि मधल्या काळात रिन्सलेस चालू ठेवले, तर कणांना रुतून बसायला वेळच मिळत नाही. स्वच्छ झालेल्या चाकावर मेणाचा किंवा सीलंटचा हात दिला तर पुढचा मळ आणखी सैल बसतो.

त्यापेक्षा ॲसिडने एकदाच साफ केलेले काय वाईट?

चिंच आणि मीठ लावले की पितळेचा तांब्या लखलखतो, त्यामुळे आंबट म्हणजे उजळ हे आपल्या हाडीमांसी आहे. काही धुलाईवाले त्याच समजुतीने चाकांवर शौचालय साफ करण्याचे ॲसिड मारतात. ॲल्युमिनियमचे रक्षण त्याच्यावरील ऑक्साइडचा पातळ थर करतो आणि तो थर तीव्र आम्लातही विरघळतो, तीव्र अल्कलीतही. एकदा लॅकरला चीर पडली की ओलावा आत शिरतो आणि त्याखाली पांढऱ्या अळीसारख्या रेषा पसरत जातात. ज्यांचा दर्शनी भाग कातून चकचकीत केलेला असतो आणि वर फक्त पारदर्शक लॅकर असतो, अशा चाकांना हा आजार लवकर जडतो, आणि तो पुसून बरा होत नाही. रिन्सलेस द्रावणे साधारणपणे उदासीन असतात, म्हणजे आम्लही नाहीत आणि अल्कलीही नाहीत. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखी ही मोठी गोष्ट आहे. पोलादी चाके आणि त्यांवरच्या प्लास्टिकच्या टोप्या यांनाही ती चालतात.

ब्रेकला काही होणार नाही ना?

चकती ओली झाली की पहिल्या एक-दोन वेळा ब्रेक किंचित कमी धरतो, म्हणून धुतल्यावर गाडी सावकाश चालवून ब्रेक हलकेच दोन-चार वेळा दाबावा. रात्रभर गाडी उभी राहिली तर चकतीवर नारिंगी गंजाची झाक दिसते. ती वरवरची असते आणि पहिल्या काही ब्रेकांत घासली जाते. लोहकण काढणारे द्रव चकतीवर मुद्दाम फवारू नये. टायरला चमक आणणारे द्रव चकतीवर, पॅडवर किंवा टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर उडू देऊ नये. ते धुण्यापेक्षा खरोखर धोक्याचे आहे.

टायरची बाजू धुऊनही तपकिरी दिसली तर ती घाण असेलच असे नाही. रबर तडकू नये म्हणून त्यात मिसळलेली संरक्षक द्रव्ये हळूहळू पृष्ठावर येतात आणि हवेतील ओझोनशी संयोग होऊन तपकिरी पडतात. रिन्सलेसने ती फारशी निघत नाहीत. टायरसाठीचे वेगळे द्रव आणि ब्रश वापरता येतो; रंगाची फिकीर नसेल तर तसेच ठेवले तरी टायरचे काही बिघडत नाही.

खर्च आणि उरलेले पाणी

बाटलीची किंमत शाम्पूपेक्षा जास्त वाटते, पण हिशेब प्रत्येक खेपेचा करावा. ५०० मिलिलिटरच्या बाटलीत, ४० मिलिलिटरप्रमाणे, संपूर्ण गाडीच्या १२ खेपा होतात. फक्त चाके धुतली तर २५. पाण्याचा हिशेब याहून सोपा आहे: बागेच्या साध्या नळीतून मिनिटाला १० ते १५ लिटर पाणी सहज जाते, म्हणजे येथे चारही चाकांना जेवढे लागते तेवढे पाणी ती अर्ध्या मिनिटात सांडते.

काम झाल्यावर बादली तासभर स्थिर ठेवावी, वरचे निवळलेले पाणी न्हाणीघराच्या मोरीत ओतावे आणि तळाचा काळा गाळ जुन्या वर्तमानपत्रात टिपून कचऱ्यात टाकावा. पाणी वाचवले म्हणून ते कुंड्यांना घालण्याचा मोह मात्र टाळावा. त्या गाळात ब्रेकमधून निघालेले धातू असतात, आणि तुळशीला त्यांचा काही उपयोग नाही.